बांगड्याचा भाव आणि लाइन चार्ट

आडव्या अक्षावर वेळ असेल तर लाइन चार्ट काढायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. समजा म्हापशाच्या बाजारात दर शुक्रवारी बांगड्याचा भाव लिहून ठेवला, तर तारीख आडवी, रुपये उभे, आणि ठिपके जोडायचे. पण म्हापसा, मडगाव, पणजी अशी नुसती गावं आडवी मांडून रेघ ओढू नका हां, तिथे बार चार्टच बरा.

खरी गंमत पावसात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीची बंदी, त्यात एखाद्या शुक्रवारी ताजा बांगडा दिसलाच नाही आणि तुम्ही शून्य लिहिलंत तर चार्ट म्हणणार मासे फुकट वाटले! एक्सेलमधला तो सेल, म्हणजे चौकोन, रिकामा सोडा, एक्सेल तिथे रेघ तोडतं, तुटू दे की.

उभा अक्ष शून्यापासूनच हवा असं लाइनला बंधन नाही, पण २०० ते २२० एवढाच ठेवला तर दहा रुपयांची वाढ चोर्ला घाटासारखी दिसते, म्हणून दुसऱ्याचा चार्ट बघताना आधी आकडे बघा मग चढ. चारपेक्षा जास्त रेघा नकोत, नाव रेघेच्या टोकाशीच लिहा. लाइन चार्टचा जनक विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये इंग्लंडची आयात-निर्यात रेघांनी दाखवली, तीही दोनच रेघांत.