कर्मचारी साहाय्य कार्यक्रम आणि व्यसनमुक्ती उपचार: या विषयावरील संशोधन कसे वाचावे

कर्मचारी साहाय्य कार्यक्रमामुळे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक अडचणींसाठी मालकाने पुरवलेल्या समुपदेशनाच्या आणि उपचारांकडे पाठवण्याच्या सेवेमुळे, व्यसनी कर्मचाऱ्यांना फायदा होतो, असे एखाद्या अहवालात वाचले की पहिला प्रश्न असा विचारावा की फायदा म्हणजे नेमके काय मोजले. कर्मचारी नोकरीत टिकला, त्याची गैरहजेरी कमी झाली, की त्याचे पिणे खरोखर थांबले? या निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी एकत्र घडत नाहीत. मनुष्यबळ विभागात काम करणारे, समाजकार्याचे विद्यार्थी किंवा स्वतःच्या संस्थेतील कार्यक्रमाचे मूल्यमापन करू पाहणारे समुपदेशक यांच्यासाठी या क्षेत्रातील अभ्यास कसे वाचावेत, याची पद्धत येथे मांडली आहे.

अभ्यास हातात आल्यावर तो कोणत्या काळातील आणि कोणत्या प्रकारच्या कार्यक्रमाचा आहे, हे आधी पाहावे. अमेरिकेत १९४० च्या दशकात मोठ्या कारखान्यांतून सुरू झालेले कार्यक्रम केवळ दारूच्या व्यसनापुरते होते. १९३५ साली स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदतीच्या चळवळीतून बरे झालेले कामगारच बहुधा ते चालवत. पर्यवेक्षकाने कामातील घसरण पुराव्यानिशी कर्मचाऱ्यासमोर ठेवायची आणि उपचार घेणे किंवा शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरे जाणे यांपैकी एक निवडायला सांगायचे, हा त्यांचा गाभा होता. १९७० च्या दशकात कार्यक्रमांची व्याप्ती वाढली आणि कौटुंबिक कलह, नैराश्य, कर्ज, कायदेशीर अडचणी असे सारेच त्यांत आले. आज अशा सेवेकडे येणारे बहुसंख्य लोक आपण होऊन येतात आणि व्यसन हे कारण सांगून येणारे त्यांत थोडे असतात. त्यामुळे ‘सेवा घेतलेल्यांची स्थिती सुधारली’ या सरासरी निष्कर्षावरून व्यसनाबद्दल फारसे काही कळत नाही. व्यसनाच्या रुग्णांची आकडेवारी अहवालात वेगळी दिली नसेल, तर तो अहवाल या प्रश्नापुरता बाजूला ठेवलेला बरा.

यानंतर तुलनागट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला सेवा न मिळालेला गट, आहे का ते शोधावे. या क्षेत्रातील बहुतेक अभ्यास ‘सेवेच्या आधी आणि सेवेनंतर’ अशा मांडणीचे असतात आणि त्यांत सुधारणा जवळजवळ नेहमीच दिसते. याचे एक कारण सेवेशी संबंधित नसते. माणूस मदत मागतो किंवा त्याला मदतीकडे पाठवले जाते, ते परिस्थिती सर्वांत वाईट असताना: सलग गैरहजेरी झालेली असते, कामावर अपघात झालेला असतो किंवा घरी टोकाचे भांडण झालेले असते. अशा टोकाच्या क्षणी घेतलेले माप काही महिन्यांनी पुन्हा घेतले, तर मधल्या काळात काहीही केले नसतानाही ते बरेचदा खाली आलेले असते. व्यसनाचे चढउतार तर यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत. शिवाय उपचार पूर्ण करणारे आणि सोडून जाणारे यांच्यात पहिल्यापासूनच फरक असतो. ज्याला कुटुंबाचा आधार आहे, ज्याची नोकरी जुनी आहे आणि ज्याचे व्यसन अजून खोलवर रुजलेले नाही, तोच शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता अधिक असते. केवळ पूर्ण करणाऱ्यांचे आकडे दिले, की कोणताही कार्यक्रम उत्तम दिसतो. म्हणून सुरुवातीला किती जण होते, शेवटी किती जणांची माहिती मिळाली आणि मधले कुठे गेले, हे तिन्ही तपशील शोधावेत. ते सापडत नसतील, तर निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी त्यावर भार टाकू नये.

यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे केवळ योगायोगाने, गट पाडलेले अभ्यास या विषयात फार थोडे आहेत, म्हणून जे आहेत ते सावकाश वाचण्यासारखे आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास डायना चॅपमन वॉल्श आणि सहकाऱ्यांचा असून तो १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. एका मोठ्या उद्योगाच्या साहाय्य कार्यक्रमात दारूच्या समस्येसाठी नव्याने आलेल्या २२७ कामगारांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला रुग्णालयात राहून सक्तीचा उपचार, दुसऱ्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना सक्तीची हजेरी आणि तिसऱ्याला उपलब्ध पर्यायांतून स्वतः निवड करण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा झाला. कामाशी संबंधित मोजमापांत तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. पिणे आणि अमली पदार्थांचा वापर यांच्या मोजमापांत मात्र रुग्णालयाचा गट सर्वांत पुढे होता, केवळ बैठकांचा गट सर्वांत मागे आणि निवडीचा गट मधे होता. नंतर पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागलेल्यांचे प्रमाण बैठकांच्या गटात ६३ टक्के, निवडीच्या गटात ३८ टक्के आणि रुग्णालयाच्या गटात २३ टक्के होते. आधीच्या सहा महिन्यांत कोकेन घेतलेल्या कामगारांत हा फरक अधिकच ठळक होता.

या अभ्यासातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे नीट वेगळे करावे लागते. संशोधकांनी फक्त हजेरी आणि कामगिरी मोजली असती, तर तिन्ही उपाय सारखेच म्हणून सर्वांत स्वस्त तो निवडावा, असा निष्कर्ष निघाला असता आणि तो चुकीचा ठरला असता. स्वस्त उपायातही बचत मोठी नव्हती, कारण पुन्हा दाखल होणाऱ्यांमुळे बैठकांच्या आणि निवडीच्या गटांचा रुग्णालयीन खर्च पहिल्या गटापेक्षा सरासरी केवळ १० टक्क्यांनी कमी भरला. दुसरीकडे, ‘साहाय्य कार्यक्रम उपयोगी आहे’ हे सिद्ध करण्यासाठी या अभ्यासाचा दाखला देणारे त्याच्यावर नसलेले ओझे लादतात. तिन्ही गट कार्यक्रमाच्या आतलेच होते आणि कार्यक्रमाबाहेरचा, उपचार न मिळालेला गट त्यात नव्हता. तिन्ही गटांत दिसलेली सुधारणा उपचारामुळे झाली, नोकरी जाण्याच्या भीतीमुळे झाली, की वर सांगितलेल्या चढउतारामुळे, हे त्यावरून ठरवता येत नाही. तसेच त्या वेळचे रुग्णालयीन उपचार आणि आजचे बाह्यरुग्ण उपचार किंवा औषधोपचार यांत पुष्कळ अंतर आहे. ‘सगळ्यांना दाखल करा’ असा सरसकट सल्ला त्यातून काढणे मला तरी धाडसाचे वाटते.

अलीकडचा एक अभ्यास याच्या जोडीला ठेवून वाचावा. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या शासकीय कर्मचाऱ्यांवर रिचमंड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात यादृच्छिक वाटप नव्हते, परंतु सेवा घेतलेल्यांशी आधीच्या स्थितीत जुळणारे, सेवा न घेतलेले कर्मचारी निवडून तुलना केली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेवा घेतलेल्यांत नैराश्य आणि चिंता तुलनागटापेक्षा अधिक कमी झाली, पण धोकादायक मद्यपानात तसा फरक दिसला नाही. साहाय्य कार्यक्रमाचा सर्वसाधारण लाभ आणि व्यसनावरील परिणाम एकच धरू नयेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. काही मोजक्या सत्रांचे समुपदेशन मनावरचा ताण हलका करण्यास पुरेसे ठरू शकते, परंतु अवलंबित्वाच्या, म्हणजे व्यसनावाचून चालेनासे होण्याच्या, अवस्थेला पोहोचलेल्या व्यक्तीसाठी त्या सत्रांचे मुख्य काम तिला ओळखणे, योग्य उपचारकेंद्राकडे पाठवणे आणि पुढे पाठपुरावा करणे हेच असते. म्हणून संशोधनात पाठवणीनंतर काय झाले, याची नोंद आहे का, ते पाहावे. दूरध्वनी क्रमांक दिला आणि प्रकरण बंद केले, एवढ्यालाच काही अहवाल यशस्वी पाठवणी म्हणतात.

मोजमापाच्या साधनांबाबत थोडक्यात एवढेच की, जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणी ० ते ४० गुण देते आणि ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान सुचवतात, मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. उत्तर मालकापर्यंत जाईल अशी शंका असेल, तर कर्मचारी पिणे कमी करून सांगतो, त्यामुळे माहिती कोणी गोळा केली हे साधनाइतकेच महत्त्वाचे असते. गैरहजेरीच्या नोंदी वस्तुनिष्ठ वाटतात, पण कामावरून काढलेला माणूस त्या नोंदींतून नाहीसा होतो आणि सरासरी आपोआप सुधारते.

गुंतवलेल्या एका रुपयामागे, डॉलरमागे वा युरोमागे अमुक पट परतावा मिळतो, असे दावे सेवा विकणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत हमखास असतात. असा आकडा दिसला, की गणितात न सुधारलेल्यांचा खर्च धरला आहे का आणि वाचलेल्या दिवसांची किंमत कशी लावली, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. बहुधा तेवढ्यात काम भागते.

स्वतःच्या संस्थेत मूल्यमापन करायचे असल्यास कोणती फलिते मोजायची, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच लेखी ठरवावे आणि त्यांत कामाचे किमान एक व व्यसनाचे किमान एक माप असावे. पाठपुरावा किमान वर्षभराचा असावा, कारण पहिल्या काही महिन्यांतील संयमावरून पुढचे सांगता येत नाही. तुलना हवी म्हणून कोणाचा उपचार रोखून ठेवू नये. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली, तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो, म्हणून अशा व्यक्तीला प्रतीक्षायादीत ठेवणे कोणत्याही संशोधनाच्या नावाखाली समर्थनीय नाही. त्याऐवजी सर्वांना नेहमीचा उपचार देऊन त्यावरचा जादा पाठपुरावा निम्म्यांना यादृच्छिक पद्धतीने द्यावा. फूट आणि अर्फर्ट या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची मांडणी अशीच होती. ठरलेला पाठपुरावा प्रत्यक्षात किती जणांपर्यंत पोहोचला, याची वेगळी नोंद ठेवावी, नाहीतर उपाय निरुपयोगी होता की तो केलाच गेला नाही, हे नंतर कळणार नाही. नावे आणि उत्तरे मनुष्यबळ विभागाच्या संगणकावर कधीही ठेवू नयेत, आणि व्यसनाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर विभागवार तक्ते छापू नयेत, कारण अशा तक्त्यातील एका ओळीवरून सहकारी त्या व्यक्तीला सहज ओळखतात.