कमी खर्चात हिवाळ्याची तयारी: आधी फटी बुजवा, मग साठा भरा

थंडी पडली की घरात आधी हीटर येतो, मग जाड रजई येते, आणि दाराखालची बोटभर फट मात्र तशीच राहते. त्या फटीतून आत येणारी गार हवा तापवण्यात हीटरचा अख्खा हिवाळा जातो आणि बिल आपण भरतो. पैसे बेताचे असतील तर क्रम बदला. आधी घरातली ऊब बाहेर जाणे थांबवा, मग पाण्याचे पाइप झाका, मग साठा भरा. हीटर सगळ्यात शेवटी घ्या, कारण किती लहान हीटर पुरेल हे तेव्हाच कळते.

सुरुवात कडाक्याच्या थंडीआधी सहा ते आठ आठवडे करावी. त्यामुळे खर्च विभागला जातो हे खरेच, पण सीलंट (फटीत भरायची, वाळून घट्ट होणारी लुगदी) आणि चिकट टेप गारठलेल्या पृष्ठभागावर नीट धरत नाहीत, हेही कारण आहे.

फटी शोधणे आणि बुजवणे

वारा असलेला दिवस निवडा. सगळी दारे-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावा आणि पेटवलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने हळूहळू फिरवा. पडदे आधी काढून ठेवा. धूर जिथे आडवा वळेल तिथे खडूने खूण करा. घरात चूल किंवा गॅस हीटर पेटलेला असताना ही चाचणी करू नका, पंखा धूर उलटा घरात ओढतो.

चौकट आणि भिंत यांचा सांधा, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ते भोक, एसीच्या नळीचे भोक, बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड, माळ्याचे झाकण ही हमखास गळतीची ठिकाणे. यांत माळ्याचे झाकण पहिले घ्या. गरम हवा वर जाऊन तिथून निसटते आणि तिची जागा भरायला खालच्या प्रत्येक फटीतून गार हवा आत येते. वरचे तोंड बंद झाले की खालचा झोतही कमी होतो.

उघड-बंद होणाऱ्या खिडकीला फोम टेप लावायची. तिची जाडी अंदाजाने घेतली की हमखास चुकते. मळलेल्या पिठाची छोटी गोळी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर ठेवा, खिडकी बंद करून उघडा आणि दाबली गेलेली गोळी मोजा. ती 3 मिलिमीटर निघाली तर टेप 5 मिलिमीटरची घ्या. त्याहून जाड टेप लावली तर कडी बसत नाही, आणि ओढून बसवली तर बिजागरी सैल होते. पातळ टेप दबतच नाही, म्हणजे लावून न लावल्यासारखी. चौकट साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि मगच चिकटवा. टेप आठवड्यात सुटली तर दोष बहुधा धुळीचा असतो. सरकत्या खिडकीला फोम लावू नका, घासून निघतो. तिथे ब्रशची पट्टी चालते.

न हलणाऱ्या फटींसाठी सीलंट वापरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही, त्यामुळे पुढे रंग द्यायचा असेल तर अॅक्रिलिक घ्या. बोटभर रुंद भोक नुसत्या सीलंटने भरू नका. आत फोमची दोरी दाबून बसवा आणि वरून सीलंटचा थर द्या, नाहीतर तो आत ढासळतो आणि ट्यूब वाया जाते.

दाराखाली ठेवायला दाराच्या रुंदीपेक्षा 5 सेंटिमीटर लांब कापडी नळी शिवा आणि तिच्यात कोरडी वाळू भरा. चिंध्या भरलेली नळी हलकी असते, दार उघडले की सरकते.

काच एकेरी असेल तर चौकटीच्या आतल्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिकची शीट दुहेरी टेपने ताणून लावा. काच आणि शीट यांत 1 ते 2 सेंटिमीटर अंतर हवे. ऊब अडते ती या मधल्या स्थिर हवेमुळे, त्यामुळे शीट काचेला चिकटली तर उपयोग संपला. काच पूर्ण कोरडी असताना लावा, नाहीतर अडकलेला ओलावा हिवाळाभर आत साचतो. प्रत्येक खोलीत एक खिडकी मात्र उघडता येण्याजोगी ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला ती लागते.

वायुवीजनाची मुद्दाम ठेवलेली झरोक्यांची तोंडे बुजवायची नाहीत. घरात लाकूड, कोळसा, केरोसीन किंवा गॅस जळत असेल तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नये, दार किलकिले ठेवूनही नाही. जळणावर चालणारे साधन असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही काटकसर करण्याची वस्तू नव्हे.

पाण्याचे पाइप

ज्या भागात तापमान शून्याखाली जाते तिथल्यांसाठी हे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पाइप बहुधा बर्फ धरलेल्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तिथे तो फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीवरचा नळ बारीक ठिबकत ठेवतात: दाबाला वाट मिळते.

उघड्या पाइपांवर फोमची नळी चढवा. सांधे आणि कोपरे उघडे राहिले तर गोठणे तिथूनच सुरू होते, त्यामुळे तेवढे तुकडे वेगळे कापून टेपने बांधा. बागेतल्या नळाचा पुरवठा आतून बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी काढा, रबरी नळी सोडवून ठेवा. मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. तो वर्षात एकदा फिरवून पाहा. जाम झालेला कॉक पाइप फुटल्याच्या रात्री हलत नाही. गोठलेला पाइप नळाच्या बाजूने मागे मागे, केस वाळवायच्या ड्रायरने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने वितळवा. ज्योत लावू नका.

साठा

यादी करण्याआधी दोन आठवडे घरात काय किती संपते ते लिहून ठेवा. ऐनवेळी ‘उपयोगी पडेल’ म्हणून आणलेले आणि एरवी कुणी न खाणारे डबे हा या कामातला सगळ्यात महाग कचरा. धान्य हाच मुख्य आहार असलेल्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 350 ते 400 ग्रॅम धान्य लागते, म्हणजे महिन्याला 10 ते 12 किलो. डाळी-कडधान्ये धरा सुमारे 2 किलो. दुकान जवळ असेल तर दोन आठवड्यांचा साठा पुष्कळ झाला. रस्ते बंद पडणाऱ्या ठिकाणी चार ते सहा आठवड्यांचा ठेवावा. एकदम खरेदी न करता दर आठवड्याला नेहमीच्या यादीतल्या दोन-तीन वस्तू दुप्पट आणा.

पिठापेक्षा अख्खे धान्य साठवा. दळल्यावर दाण्याच्या कोंबातले तेल हवेला उघडे पडते आणि कोंड्यासकटचे पीठ दोन-तीन महिन्यांत खवट होऊ लागते. धान्य उन्हात वाळवले असेल तर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम धान्याची वाफ झाकणाला धरते, वरचा थर ओलावतो आणि बुरशी तिथून सुरू होते. दोन-चार किलोच्या पिशव्या उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवल्या तर किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर तेच ओलाव्याचे दुखणे. डब्यावर तारीख लिहा आणि नवा डबा मागे, जुना पुढे ठेवा. कडधान्ये वर्षानुवर्षे टिकतात, पण जितकी जुनी तितकी शिजायला हट्टी, म्हणजे इंधन जास्त.

बटाटे अंधारात, 7 ते 10 अंशांत. फ्रीजमध्ये त्यांतल्या स्टार्चची साखर होते, उजेडात ते हिरवे पडतात. हिरवा भाग आणि मोड खोल कापून टाका, फारच हिरवा असेल तर बटाटाच टाका. कांदे कोरड्या, वारा खेळत्या जागी, बटाट्यांपासून दूर, कारण बटाट्यांचा ओलावा कांद्यांना कुजवतो. गाजरे, बीट ओलसर वाळूच्या थरांत, एकमेकांना न टेकता. लाल भोपळा देठासकट घ्या, देठ तुटलेला आधी सडतो. दर आठवड्याला ढीग चाळा. एक नासलेले फळ टोपली बिघडवते.

बाटलीबंद भाज्या आणि मांस घरी नुसत्या उकळत्या पाण्यात सीलबंद करून ठेवू नका. आंबटपणा कमी असलेल्या पदार्थांत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू बीजाणूरूपात तग धरतात. ते मारायला प्रेशर कॅनरचे, म्हणजे बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या भांड्याचे तापमान लागते. वाळवणे, गोठवणे किंवा भरपूर आंबट लोणचे करणे, यांत धोका कमी आणि खर्चही.

सरपण जाळत असाल तर ते फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे रचून किमान सहा महिने ते वर्षभर वाळायला हवे. दोन ओंडके एकमेकांवर आपटा. वाळलेले ठणठणीत वाजतात, ओले बद्द. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो, जो पेट घेतो. म्हणून हंगामाआधी धुराडे साफ करून घ्यावे.

ऊब कुठे द्यायची

साध्या विजेच्या हीटरमध्ये महागडा-स्वस्त असा फरक उष्णतेत नसतो. तेलाचा असो की पंख्याचा, एका युनिटमागे सगळे सारखीच उष्णता देतात. उष्णता बाहेरून आत आणणारा हीट पंप किंवा तशी सोय असलेला एसी तेवढ्याच विजेत दोन ते चार पट देतो. 1,500 वॅटचा हीटर चार तास चालला तर 6 युनिट, आणि 80 वॅटचे विजेचे ब्लँकेट तेवढाच वेळ चालले तर एका युनिटच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी वीज. खोलीऐवजी माणूस गरम ठेवणे स्वस्त पडते. पण लहान मुले, वृद्ध आणि आजारी असतील तर खोलीचीच काळजी घ्या. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घराचे किमान तापमान 18 अंश सुचवते. त्यांच्यासाठी एक खोली नीट गरम ठेवा.

हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. 2,000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो, बारीक एक्स्टेन्शनची तार त्यात तापते.

झोपताना वरच्या पांघरुणांइतकेच खालचे महत्त्वाचे: गादी पातळ असेल तर एक घोंगडी अंगाखाली घाला. गरम पाण्याच्या रबरी पिशवीत उकळते पाणी नको, दोन तृतीयांश भरा आणि झाकण लावण्याआधी हवा काढा. रबर कडक किंवा भेगाळलेले दिसले तर टाकून द्या.

फटी बुजवल्यावर घरात दमटपणा वाढतो. काचेवर सकाळी पाणी दिसले की सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे सताड उघडा. भिंती गार पडत नाहीत, हवा मात्र बदलते. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी नेमके उलटे करते.

वीज गेली तर

दर माणशी दिवसाला 4 लिटरप्रमाणे तीन दिवसांचे पिण्या-स्वयंपाकाचे पाणी, बॅटऱ्यांसह टॉर्च आणि नेहमीच्या औषधांचा किमान दोन आठवड्यांचा साठा एका जागी ठेवा. बॅटऱ्या आणि पॉवर बँक गारठ्यात लवकर उतरतात, त्या आतल्या खोलीत असाव्यात. न उघडलेला फ्रीज सुमारे चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या की फ्रीजर भरलेला राहतो. बाटलीत वरची पाचवा हिस्सा जागा सोडा, नाहीतर तीही पाइपांसारखी फुटते.