हिवाळ्यात परसबागेत काहीच दिसत नाही? मग या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिकला आमच्या घरामागची बागही मलूल होते. पावसाळ्यातली भुणभुण थांबते आणि पौषात सगळं गप्प होतं. गप्प असलं तरी बाग रिकामी नसते. थंडीत जीव हलतातच कमी, त्यामुळे हलणारं काही शोधायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो. मी कितीतरी हिवाळे असाच परतलो.

पहाटे जाणं

निसर्ग बघायचा तर पहाटेच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोक कानटोपी घालून सहालाच बागेत उभे! फुलपाखरांना आणि सरड्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊन वर येईपर्यंत ती जागची हलत नाहीत. तुम्ही निवांत चहा घ्या आणि साडेनऊला जा. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत, पाण्याच्या टाकीचा कठडा, तापू लागलेला दगड, इथे पंख पसरून ऊन खाणारं फुलपाखरू सापडेल. त्याच्यावर तुमची सावली पडली की ते उडालंच समजा.

पहाटे जायचंच असेल तर कोळ्यांची जाळी बघा. दव पडलं की एरवी न दिसणारी जाळी कुंपणभर उजळतात, आणि नऊपर्यंत पुन्हा गायब होतात.

हात शिवशिवले म्हणून छाटणी

ही माझी स्वतःची चूक. एका डिसेंबरात कढीलिंबाची सुकलेली काटकी कापून मी कचऱ्यात टाकली. कचरा भरताना आई म्हणाली, "अरे, हिला काहीतरी चिकटलंय." बघतो तर लिंबाच्या फुलपाखराचा कोष. शेपटीचं टोक काडीला घट्ट आणि कमरेला रेशमाचा एकच धागा. वायरमन खांबाला पट्टा लावून मागे रेलतो, अगदी तसा. काडी तपकिरी, म्हणून कोषही तपकिरी. हिरव्या देठावर असता तर बहुधा हिरवा दिसला असता आणि आईलाही सापडला नसता.

काडी कुंडीत खोचून ठेवली. एरवी आठ-दहा दिवसांत उरकणारं काम थंडीत कित्येक आठवडे लांबू शकतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? संक्रांत झाली. आईने दोनदा टाकून दे म्हणून सांगितलं. मग एका सकाळी कोष काळपट दिसला, आतून पंखांवरची फिकट नक्षी कळत होती. दुसऱ्या दिवशी दहाला जाऊन बघितलं तर नुसतं टरफल.

तेव्हा कोष बरेच दिवस तसाच असला तरी मेला म्हणून फेकू नका. त्याला बारीक गोल भोक दिसलं, तर मात्र फुलपाखराची वाट बघू नका. आत वाढलेली परजीवी गांधीलमाशी केव्हाच निघून गेलेली असते.

याच फुलपाखराची अळी लहानपणी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून दुहेरी लालसर शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लोक इथेच घाबरतात आणि फवारा मारतात. चार पानं ती खाईल, फोडणीपुरती उरतात.

पाचोळा जाळणं हीही त्यातलीच चूक. एका कोपऱ्यात ढीग राहू द्या.

पान कापलेलं दिसलं की औषध

गुलाबाच्या पानाच्या कडेला पंच मारल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर तो रोग नाही. पोळं न करता एकटीने राहणाऱ्या, पानं कापणाऱ्या मधमाशीचं ते काम. ती तुकडा घेऊन बांबूच्या पोकळीत किंवा भिंतीतल्या एखाद्या भोकात जाते आणि पिल्लासाठी खोली बांधते. कडा वेड्यावाकड्या असतील तर खाणारा दुसरा कुणीतरी आहे, पानाखाली बघा.

नाव ठेवायची घाई

शेवगा फुलला की सूर्यपक्षी येतात. पिवळसर दिसला की मादी, असं आपण ठोकून देतो. गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असेल तर तो जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर, विणीच्या हंगामाबाहेरच्या साध्या कपड्यांतला.

आणि झुडपातून दोन गोटे आपटल्यासारखं "टक्... टक्" ऐकू आलं तर तो शिंपी पक्षी समजून सोडून देऊ नका. शिंपी मोठ्याने एकाच सुरात ओरडत सुटतो. हा बहुधा बोरू वटवट्या, उत्तरेकडून थंडीपुरता आलेला. रंग मातकट, स्वभाव लाजरा. फांद्या बाजूला सारल्यात तर तो आणखी आत जाईल. खुर्ची टाकून गप्प बसा. नाहीच दिसला तर उद्या पुन्हा त्याच झुडपापाशी जा, एप्रिलपर्यंत त्याचा मुक्काम असतो.