सबव्हर्जनचा जुना डंप लोड होत नाही तेव्हा

सबव्हर्जन म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली, आणि डंप म्हणजे तो इतिहास एका फाइलमध्ये काढलेली प्रत. कपाटातला जुना डंप काढून ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन लोड’ दिलं, काही रिव्हिजन (क्रमाने नोंदवलेले बदल) सरकल्या आणि एरर आली, की बहुतेकजण तीच कमांड पुन्हा मारतात. तसं करू नका. लोड एकेक रिव्हिजन कमिट करत, म्हणजे कायमची नोंदवत जातो. ४८१२ वर अडकला तर आधीच्या ४८११ तिथेच राहतात आणि दुसऱ्या खेपेला ‘फाइल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ अशी भलतीच तक्रार येते. दर खेपेला ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन क्रिएट’ने कोरी रिपॉझिटरी (इतिहास साठवण्याची जागा) घ्या.

‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ कंटेंट डेटा’ म्हणजे डंप अर्धवट आहे. आधी फाइलचा साइज बघा. बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स असेल तर ती फॅट३२ वर, म्हणजे याहून मोठी फाइल न मावणाऱ्या डिस्क फॉरमॅटवर, कापली गेलीय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा याच फॉरमॅटचे असतात. असा डंप दुरुस्त होत नाही, दुसरी प्रत शोधा.

ई१४०००१ हा एरर कोड, म्हणजे ‘मालफॉर्म्ड’ आलं तर फाइलचे पहिले बाइट्स हेक्समध्ये पाहा. सुरुवात ‘एसव्हीएन-एफएस-डंप-फॉरमॅट-व्हर्जन’ या ओळीनेच हवी. त्याऐवजी एफएफ एफई दिसलं, तर विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ वापरून डंप घेतलाय. पॉवरशेलने सगळं यूटीएफ-१६ (अक्षरं साठवण्याची वेगळी पद्धत) करून टाकलंय. एन्कोडिंग बदलून टेक्स्ट फाइली दिसतीलही, पण बायनरीवर भरवसा ठेवू नका. मूळ सर्व्हर जिवंत असेल तर सीएमडीमधून (विंडोजचा साधा कमांड प्रॉम्प्ट) नवा डंप घ्या.

ई१२५००५ मात्र निरुपद्रवी. जुन्या लॉग मेसेजमध्ये विंडोजचे लाइन एंडिंग (ओळ संपल्याच्या खुणा) राहिलेले असतात. सबव्हर्जन १.१० पासून ‘--नॉर्मलाइझ-प्रॉप्स’ लावून ते सुधारता येतात. ‘--बायपास-प्रॉप-व्हॅलिडेशन’नेही लोड होतो, पण घाण तशीच आत जाते, तो पर्याय शेवटचा.

डंपऐवजी रिपॉझिटरीचा अख्खा फोल्डरच हाती असेल आणि ‘एक्स्पेक्टेड एफएस फॉरमॅट’ दिसलं, तर तुमचं सबव्हर्जन जुनं आहे. फॉरमॅट ८ ला १.१० किंवा पुढचं लागतं. फॉरमॅटच्या फाइलमधला आकडा हाताने बदलू नका.

लोड पुरा झाला की ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय’ चालवा. मग ‘डीबी’ फोल्डरची मालकी अपाची (वेब सर्व्हर) ज्या युजरखाली चालतो त्याच्याकडे द्या, नाहीतर पहिल्याच कमिटला ‘परमिशन डिनाइड’. हूक्स (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि सेटिंग्जचा ‘कॉन्फ’ फोल्डर डंपमध्ये येतच नाहीत, ते वेगळे शोधावे लागतील.