साठीत बर्लेस्क शिकायचंय? आधी हातमोजे घ्या

बर्लेस्क म्हणजे थट्टामस्करी करत, नखऱ्यानं एकेक कपडा उतरवायचा स्टेजवरचा नाच. त्यातले पंखा, कॉर्सेट, उंच टाचा हे सगळं नंतर. आधी सॅटिनचे, कोपराच्या वर जाणारे हातमोजे घ्या आणि तेही एक माप मोठे. घट्ट मोजा ऐन वेळी मनगटाशी अडकतो आणि लाडिक हसत हसत ओढाताण करावी लागते.

इथे लंडनमध्ये माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त बायका पन्नाशीपुढच्या आहेत. 'म्हणजे कपडे उतरवायचे?' असं माझ्या जावेनं फोनवर विचारलंच. कपडे उतरतात, पण किती ते आपण ठरवायचं. मुळात हा प्रकार टवाळीचा. १८६८ साली लिडिया थॉम्प्सन आपली इंग्लिश मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली, तेव्हा बायकाच पुरुषांच्या भूमिका करून ग्रीक पुराणकथांची रेवडी उडवत होत्या. म्हणून विषय निवडताना जरा खट्याळपणा करा. मी रिटायर होणारी हेडक्लार्क करते, फायलींसकट.

आता हातमोजा कसा काढायचा ते. करंगळीपासून सुरुवात. एकेका बोटाचं टोक चिमटीत धरून जरासं सैल करायचं, पूर्ण ओढायचं नाही. दर बोटाला नजर वेगळ्या माणसाकडे. मधल्या बोटाचं टोक दातात धरलं की थांबा. खरंच थांबा, मनात चार आकडे मोजा. नवशिक्या इथेच घाई करतात. मग हात मागे घ्या, मोजा दातातच राहू द्या. लावणी बघत वाढलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. नऊवारीत नखशिखांत झाकलेली बाई नुसत्या भुवईवर फड ताब्यात घेते, हे आपण पाहिलेलं असतं.

शिवणकाम येत असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. जुन्या ड्रेसचे हुक काढून टिचबटणं लावा, पण आधी दोन-चारच. सगळीकडे लावलीत तर वाकताना आपोआप उघडतात. टिकल्यांचं काम जाड कापडावर करा. छातीवरची झुंबरं, म्हणजे स्तनाग्रं झाकणाऱ्या गोंडेदार चकत्या, लावायची असतील तर विग चिकटवायची दुतर्फी टेप वापरा. आदल्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूला लावून बघा, या वयात कातडी लगेच सोलवटते. काढताना खोबरेल तेल.

गुडघे कुरकुरत असतील तर जमिनीवरच्या हालचाली खुर्चीवर करा, कोणाला कळतही नाही. शहामृगाच्या पिसांचे मोठे पंखे मात्र खांदा धरलेल्या बाईनं लगेच उचलू नयेत, दिसतात त्यापेक्षा जड असतात. १९३३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात याच पंख्यांनी गाजलेली सॅली रँड सत्तरी ओलांडल्यावरही ते नाचवत होती, पण तिचा रियाज उभ्या जन्माचा.

चष्म्याशिवाय सराव करा. समोरचं धूसर दिसलं की भीती निम्मी होते. पायऱ्या तेवढ्या मोजून ठेवा.

लगेच स्टेजवर जाऊ नका. आधी एखाद्या प्रयोगात 'किटन' व्हा, म्हणजे दुसऱ्यांनी भिरकावलेले कपडे गोळा करणारी. कुठला हुक अडकतो, कोण घाईत उरकतं, सगळं जवळून दिसतं. आणि मोजे जोडीनं मोजून घ्या. एक हमखास पहिल्या रांगेतल्या कोणाच्या तरी मांडीवर असतो.