दोन पियानोंवरील ‘अश्रू’ कसे बसवावे

रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनोव्ह यांच्या १८९३ मधील दोन पियानोंच्या पहिल्या सूटचा (अनेक भागांच्या वाद्यरचनेचा) ‘अश्रू’ हा शोकमग्न तिसरा भाग नाशिकमध्ये बसवायचा असेल, तर दोन्ही पियानो एकाच दिवशी ट्यून करून घ्यावेत, कारण पावसाळी दमटपणाने स्वर ढळतात. रशियातील नोव्हगोरोदच्या सेंट सोफिया कॅथेड्रलच्या घंटांवरून सुचलेले, पुन्हा पुन्हा येणारे चार स्वर हाच या रचनेचा प्राण आहे. ते आधी पेडलशिवाय (स्वर लांबवणारी पायपट्टी न दाबता), अतिशय संथ वाजवावेत. रामकुंडावरील सायंआरतीनंतर घंटेचा नाद कसा विरत जातो, हे मन लावून ऐकावे आणि चौथ्या स्वराला तेवढाच अवकाश द्यावा. साथ करणाऱ्या वादकाने हात इतका हलका ठेवावा, की ते स्वर कधीही बुडणार नाहीत. लय मुळीच वाढवू नये. माझ्या मते येथील दुःख पुनरावृत्तीतूनच साठत जाते.