‘मोशिदोरा’ ही ॲनिमे मालिका गावच्या मंडळात कशी पाहावी आणि तिच्यावर चर्चा कशी घ्यावी

व्यवस्थापनशास्त्र आणि बेसबॉल यांची सांगड घालणारी ‘मोशिदोरा’ ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील क्रीडा मंडळांनी एकत्र बसून पाहावी आणि तिच्यावर मनापासून बोलावे, असे मला फार वाटते. नात्सुमी इवासाकी यांच्या 2009 सालच्या कादंबरीवरून प्रॉडक्शन आयजी या स्टुडिओने ती तयार केली आणि 2011 मध्ये एनएचके या जपानी वाहिनीने ती दाखवली. मिनामी कावाशिमा ही शाळकरी मुलगी, रुग्णालयात असलेली मैत्रीण युकी मियाता हिच्या जागी, शाळेच्या बेसबॉल संघाची मॅनेजर होते. जपानी शाळांमध्ये हे काम बहुधा धावा टिपण्याचे आणि खेळाडूंचे सामानसुमान सांभाळण्याचे असते. मिनामी मात्र ते शिकण्यासाठी दुकानातून व्यवस्थापनाचे विचारवंत पीटर ड्रकर यांचा संस्था चालवणाऱ्यांसाठी लिहिलेला व्यवस्थापनावरचा ग्रंथ आणते आणि त्यातले एकेक तत्त्व एका ढेपाळलेल्या संघावर लावून पाहते.

पाहण्यासाठी पावसाळ्यातली झड सर्वांत सोयीची. मैदानावर चिखल असतो, कबड्डीचा सराव बंद पडलेला असतो, वावरात पाय ठेवता येत नाही आणि तरुण पोरे संध्याकाळी मोकळी असतात. सोयाबीनची कापणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली की पाच माणसेही सलग जमत नाहीत. मालिकेचे भाग 10 असून प्रत्येक भाग साधारण 25 मिनिटांचा आहे. म्हणून रोज दोन भाग आणि त्यानंतर तेवढाच वेळ चर्चा, असे पाच संध्याकाळींचे नियोजन करावे. मालिका अधिकृतपणे जिथे उपलब्ध असेल तिथूनच घ्यावी. झडीत वीज जातेच, त्यामुळे वाचनालयात किंवा समाजमंदिरात जिथे इन्व्हर्टर असेल तिथे बसावे. संवादांची अक्षरे पडद्यावर इंग्रजीत उमटत असतील, तर ज्याला ती पटकन वाचता येतात अशा एकाने प्रत्येक प्रसंगानंतर चित्र थांबवून दोन वाक्यांत मराठीत सांगावे. प्रत्येक संवादाचे भाषांतर करत बसू नये, कारण त्याने कथेचा ओघ तुटतो. वेळ अशी ठरवावी की मुलींना घरून येता-जाता अडचण होणार नाही. संघाबाहेरच्या, मैदानात न उतरणाऱ्या एका मुलीने संघ कसा बदलला याची ही कथा आहे, आणि तिच्यावरची चर्चा फक्त मुलांनी करावी हे मला पटत नाही.

बेसबॉलचे नियम समजावण्यात पहिली संध्याकाळ घालवू नये. एका संघात नऊ खेळाडू, सामना नऊ डावांचा, तीन स्ट्राइक (म्हणजे फलंदाजाने हुकवलेले किंवा हद्दीत असूनही सोडलेले चेंडू) झाले की फलंदाज बाद आणि चार चेंडू स्ट्राइकच्या हद्दीबाहेर पडले व फलंदाजाने ते सोडून दिले की त्याला पहिला बेस (धावताना गाठायचा टप्पा) मोफत, एवढे सांगितले तरी क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला पुरते. कोशिएन म्हणजे काय हे मात्र नीट सांगावे. राष्ट्रीय शालेय बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा 1915 पासून चालत आली आहे आणि ती ह्योगो प्रांतातील, 1924 साली बांधलेल्या कोशिएन मैदानावर होते. प्रत्येक प्रांतातून एकच संघ जातो, फक्त तोक्यो आणि होक्काइदो येथून दोन-दोन जातात. मिनामीची होदोकुबो शाळा पश्चिम तोक्योमधली, म्हणजे प्रचंड गर्दीतून वर यायचे आहे. हे कळले की संघाला कोशिएनला नेण्याच्या तिच्या संकल्पाचे वजन लक्षात येते.

चर्चेचा पहिला प्रश्न मिनामीचाच असावा: आपला ग्राहक कोण? ड्रकर यांचे म्हणणे असे, की कोणत्याही संस्थेला आपले काम काय हे ठरवायचे असेल तर आपण कोणासाठी आहोत येथून सुरुवात करावी लागते. मिनामी या प्रश्नावर अडते, कारण शाळेचा संघ काही विकत नाही. बऱ्याच विचाराअंती ती अशा निष्कर्षाला येते, की पालक, शाळा, प्रेक्षक आणि खुद्द खेळाडू हे सगळेच ग्राहक आहेत आणि संघाचे काम लोकांना भारावून टाकणारा अनुभव देणे हे आहे. हे उत्तर ऐकून अनेकांना लगेच मान डोलवाविशी वाटते. चर्चा चालवणाऱ्याने येथे थांबवावे आणि विचारावे, की आपल्या गावच्या कबड्डी संघाचे हेच उत्तर असेल का? वर्गणी देणारा दुकानदार, सामन्याला रात्रभर बसणारे काकाजी, मुलाला सरावाला पाठवणारी पण दुसऱ्या दिवशी तोच निंदणाला हवा असलेली आई, आणि बाकावर बसून राहणारा बारावा खेळाडू यांना संघाकडून वेगवेगळे हवे असते. प्रत्येकाने आपले उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग वाचून दाखवावे. तसे केले नाही तर मंडळाचा अध्यक्ष जे बोलेल त्यालाच बाकीचे ‘हो भाऊ’ म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते.

माझ्या मते या मालिकेतला सर्वांत मोलाचा भाग सामन्यांत नाही, तो रुग्णालयातल्या खोलीत आहे. मिनामी एकेका खेळाडूला युकीच्या भेटीला नेते आणि तिथे त्याला बोलते करते: तू संघात का आहेस, तुला काय हवे आहे, तुला काय जमते. ड्रकर यांनी ज्याला विपणन (मार्केटिंग) म्हटले ते येथे ऐकून घेण्याच्या रूपात येते. गोलंदाज आसानो आणि प्रशिक्षक काची यांच्यात साठलेला अबोलाही अशाच ऐकण्यातून पुढे येतो, आणि खेळाचे ज्ञान असूनही ते मुलांपर्यंत पोचवू न शकणाऱ्या काचीसरांचे म्हणणे मुलांना समजेल अशा भाषेत आणण्याचे काम मॅनेजर मुलींकडे येते. तज्ज्ञाचे ज्ञान इतरांच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणे हे व्यवस्थापकाचे काम आहे, हा ड्रकर यांचा विचार इतक्या सोप्या रीतीने मांडलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. या भागांनंतरची संध्याकाळ फक्त याच विषयासाठी ठेवावी. जोड्या कराव्यात, शक्यतो एक वडीलधारा आणि एक तरुण अशा, आणि दोघांनी एकमेकांना हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तर ऐकताना सल्ला द्यायचा नाही, एवढा एकच नियम असावा. गावात धाकट्याचे बोलणे मध्येच तोडण्याची सवय असल्यामुळे हा नियम पाळणे वाटते तितके सोपे जात नाही.

पुढे सरावाला दांड्या मारणाऱ्या मुलांसाठी संघाचे तीन गट करून त्यांच्यात चुरस लावली जाते, आणि धावण्यासाठी ॲथलेटिक्सच्या, जेवणासाठी पाककलेच्या मंडळाशी हातमिळवणी होते. येथे आपल्या गावातल्या बचत गटाचे, भजनी मंडळाचे आणि व्यायामशाळेचे नाव कोणीतरी घेईलच; ते घेऊ द्यावे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात वाढलेल्या माणसांना गावाची शक्ती एकत्र बांधण्याचा विचार नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यावलीत जन्मले ते 1909 साली आणि ड्रकर व्हिएन्नात जन्मले तेही त्याच साली, हा योगायोग मला फार जवळचा वाटतो.

डावपेचांच्या चर्चेत गल्लत होण्याची एक जागा आहे, ती आधीच सांगून ठेवावी. होदोकुबोचा संघ ‘नो बंट, नो बॉल’ हे धोरण स्वीकारतो. बंट म्हणजे चेंडू हलकेच टेकवून स्वतः बाद होणे आणि पुढच्या बेसवर साथीदाराला सरकवणे. हा त्याग तो संघ नाकारतो. आपला गोलंदाजही फलंदाजाला भुलवण्यासाठी मुद्दाम स्ट्राइकच्या हद्दीबाहेर चेंडू टाकणार नाही, असे ठरते. क्रिकेटमधल्या नो बॉलशी याचा संबंध नाही. ड्रकर यांच्या नवनिर्मितीच्या कल्पनेचे, म्हणजे सर्वजण गृहीत धरतात ती गोष्ट जाणूनबुजून सोडून देण्याचे, हे उदाहरण म्हणून ठेवलेले आहे. खेळाचे जाणकार याच्यावर हरकत घेतील आणि ती हरकत योग्य आहे: एका संघाने एका स्पर्धेत असे करून यश मिळवले म्हणून ते तत्त्व सिद्ध होत नाही. म्हणूनच शेवटचे भाग पाहून झाल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा. संघ अंतिम सामना हरला असता, तर मिनामीने केलेले काम वाया गेले असते का? ज्यांना व्यवस्थापन म्हणजे जिंकण्याची युक्ती वाटते आणि ज्यांना ते माणसांना कामाला अर्थ देण्याचे साधन वाटते, ते दोघे या प्रश्नावर वेगळे होतात, आणि खरे बोलणे तिथे सुरू होते.

शेवटाकडे युकीचा मृत्यू येतो, अंतिम सामन्याच्या अगदी तोंडावर. आणि मिनामीला बेसबॉल मुळात आवडत नाही, ती फक्त मैत्रिणीसाठी येथे आली, हेही संघासमोर उघड होते. ज्या घरात अलीकडे कोणी गेले असेल अशा माणसाला ही गोष्ट आधी बाजूला घेऊन सांगावी. या भागानंतर लगेच प्रश्न विचारू नयेत. चहा होऊ द्यावा. नंतर सचोटीचा मुद्दा घ्यावा. ड्रकर यांनी लिहिले आहे की व्यवस्थापकाला बाकी सगळे शिकता येते, पण जी शिकून मिळत नाही आणि मुळातच असावी लागते ती सचोटी, आणि हा मजकूर वाचताना मिनामीच्या डोळ्यांत पाणी येते. मनातून खेळ न आवडणाऱ्या मुलीला त्या संघाची सच्ची व्यवस्थापक म्हणता येईल का, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे खूप आहे. माझे मत विचाराल तर म्हणता येईल, कारण तिने प्रत्येक खेळाडूच्या बाबतीत घेतलेली मेहनत खोटी नव्हती.

पाचव्या संध्याकाळी लिहिलेली उत्तरे एका वहीत उतरवून ती वही वाचनालयात ठेवावी, म्हणजे ज्यांना शेतीच्या कामामुळे येता आले नाही त्यांनाही पाहता येईल. याच कथेवर 2011 मध्ये अत्सुको माएदा यांची भूमिका असलेला चित्रपटही आला होता, आणि सगळे एका बैठकीत उरकते म्हणून कोणीतरी तो सुचवेल. मालिकेऐवजी तो दाखवू नये. दोन भागांच्या मधल्या दिवसात माणसे घरी, वावरात, पारावर जे बोलतात त्याने दुसऱ्या संध्याकाळची चर्चा भरते, आणि एका बैठकीत ती सोय राहत नाही.